सप्तमीचा थंड घास

शीतला सप्तमीला सासरच्या धारमधल्या मूळ घरात चूल पेटत नाही, गॅसही नाही. आदल्या दिवशी रांधून रात्रभर झाकून ठेवलेलं अन्न देवीला दाखवायचं आणि तेच घरादाराने थंड खायचं. अंजूला हे लग्नापासून माहीत होतं. किडनी बदलायच्या आधी आवडायचंही.

दोन वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तेव्हा सासूबाई सुमंगलाबाई स्वतःची द्यायला पुढे झाल्या. ते राहत त्या देवासमध्ये लोक अजून बोट दाखवत, ही सुनेला किडनी देणारी सासू. ऑपरेशनच्या दिवशी त्या शीतलामातेला नवस बोलल्या होत्या: किडनी लागू पडली तर सूनबाईला सप्तमीचा घास तुझ्यासमोर भरवीन. गेल्या वर्षी डॉक्टरांचं नाव पुढे करून अंजू सुटली. यंदा नाही.

"तू सांग ना आईसाहेबांना," धारला जाताना ती नवऱ्याला हळूच म्हणाली.

"एक घास आहे यार. खा और बात खतम," धीरजने गाडीचा गियर बदलला. "तू तर पूरा अस्पताल घर ले आई है."

अंजूच्या गोळ्यांचं काम एकच होतं. शरीराची राखण करणाऱ्या पेशी बाहेरून आलेली किडनी ओळखतात आणि तिच्यावर तुटून पडतात. गोळ्या त्या पेशींना पेंगत ठेवतात. पण पेंगणाऱ्या पेशी जंतूंनाही नीट अडवत नाहीत. म्हणून मास्क, उकळलेलं पाणी, गरम ताजं जेवण. अशाच गोळ्या सांधे सुजणाऱ्यांनाही देतात, हे तिला दवाखान्याच्या बाकावर समजलं होतं. शेजारची बाई म्हणाली होती, ताप आला की मी आठवडाभर बंद करते. अंजूला तशी सोय नव्हती.

देवीच्या ओट्यासमोर बायका दाटीने बसल्या होत्या. चैत्राच्या उकाड्यात दहीभाताला आंबूस वास सुटला होता. सुमंगलाबाईंनी घास उचलला.

"आईसाहेब, मी नुसता ओठांना लावते."

"नवस ओठांना लावायचा नसतो."

"आजकालच्या सुनांना फ्रिजमधला केक चालतो गं," त्यांच्या मोठ्या जाऊबाई कुसुमावती हसल्या. "देवीचा भातच तेवढा बाधतो."

अंजूने मास्क काढला नाही.

"माझ्या पोटातलं घेताना तुला शिळं वाटलं नव्हतं," सुमंगलाबाई म्हणाल्या. आवाज जराही चढला नव्हता. भोवतीच्या बायका अंजूकडे बघू लागल्या.

अंजूने मास्क खाली ओढला आणि तोंड उघडलं.

दुसऱ्या दिवशी देवासला परतल्यावर जुलाब लागले, मग ताप चढला. धीरजने तिला इंदूरच्या दवाखान्यात नेलं.

"बाहेरचं काही खाल्लं?" डॉक्टरांनी विचारलं. सुमंगलाबाई पलंगाच्या पायथ्याशी उभ्या होत्या.

"शिळा दहीभात," अंजू छताकडे बघत म्हणाली.

"एकच घास," सुमंगलाबाई म्हणाल्या. "प्रसादाचा."

"यांना एक घासही पुरतो. आता संसर्ग आवरेपर्यंत एक गोळी कमी करावी लागेल."

"कराच कमी! त्या गोळ्यांनीच तर पोरीची ही दशा केली."

"माँजी, गोळी कमी केली की शरीर किडनीला परकी म्हणून ओळखतं. तिला मारायला धावतं."

"परकी?" सुमंगलाबाईंचा हात पदराखाली स्वतःच्या कुशीकडे गेला. "दोन वर्षं झाली तिला हिच्यात नांदून. अजून परकीच?"

"जन्मभर."

अंजू ऐकत पडून राहिली. गोळी पुरी घेतली तर ताप हटणार नाही, कमी केली तर किडनी हातची जाईल. आणि या घडीला आत काय चाललं आहे ते तिला स्वतःला कळायची सोय नव्हती. सकाळी रक्त काढून नेत, मग दुपारपर्यंत वाट बघायची.

ताप उतरला. किडनी थकली की रक्तात वाढतं ते क्रिएटिनिनही उतरलं, पण पूर्वीच्या जागी आलं नाही. किडनीचा थोडा भाग कायमचा गेला, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि गोळी पूर्ववत सुरू केली.

देवासला घरी आल्यावर कुसुमावतींचा फोन आला. सुमंगलाबाई बैठकीत बोलत होत्या, अंजूला आत सगळं ऐकू येत होतं.

"नाही अक्कासाहेब, यापुढे ती सप्तमीला येणार नाही. देवी कोपली तर माझ्यावर कोपू दे." पलीकडचं ऐकून त्या म्हणाल्या, "अहो, माझी किडनी आहे तिच्यात. जपायला नको?"

अंजू उठून दारापर्यंत आली.

"लग्नकार्यही नाही. खातेगावला माहेरीसुद्धा पाठवायची नाही, ठरवलंय मी. तिथे बारा जणांचं येणं-जाणं."

"आईसाहेब, माझी आई..." अंजू म्हणाली.

सुमंगलाबाईंनी फोन कानाशी धरूनच मोकळ्या हाताने तिला आत जायची खूण केली, आणि ती आत गेल्यावर उठून दार ओढून घेतलं.