वाऱ्यासमोर वहिनी

वारा समोरून आला की वहिनी पुढे, आणि गावाची पाटी दिसली की वहिनी मागे. तीन दिवसांच्या त्या सायकल सहलीत चौघांचा कारभार असाच चालला होता, आणि त्यात काही चुकतंय असं चौघांपैकी तिघांना वाटत नव्हतं.

ज्यांनी लांब पल्ल्याची सायकल कधी चालवली नाही त्यांना दोन रिती सांगायला हव्यात. एकामागे एक अशी ओळ धरली की सगळा वारा पहिल्याच्या छातीवर बसतो. मागचे त्याच्या आडोशाने निवांत येतात, गप्पा मारतात, केळी सोलतात. म्हणून पुढची जागा आळीपाळीने घ्यायची. पुढचा दमला की कोपर हलवून खूण करतो आणि बाजूला होतो, मागचा पुढे येतो. ही झाली शहाणी रीत. दुसरी निव्वळ पोरकट. गावाची पाटी दिसली की सगळ्यांनी जीव खाऊन पळायचं, आणि जो आधी पाटी ओलांडेल, ते गाव त्याचं. आता यातली पहिली रीत कोणाच्या वाट्याला आली आणि दुसरी कोणाच्या, ते वर सांगितलंच आहे.

तिघे म्हणजे वहिनींचे यजमान, ज्यांना सायकल क्लबात सगळे कप्तान म्हणत. कप्तानांचा धाकटा भाऊ, म्हणजे वहिनींचा दीर. आणि कप्तानांचे मित्र असलेले दातांचे डॉक्टर. वहिनी स्वतः इस्पितळाच्या धुलाईघरावर देखरेखीला होत्या. इस्पितळ टेकडीवर, घर खाली. तो चढ त्या लग्नानंतर रोज सायकलने चढत आल्या होत्या, डब्याची पिशवी हँडलला अडकवून. त्या चढाला कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण कप्तानांच्या महागड्या सायकलीने त्यांना जे दिलं नाही ते त्या चढाने वहिनींना दिलं.

रस्ता देखणा होता, त्याबद्दल तक्रार नाही. दोन्ही बाजूंच्या उतारांवर तारांवर चढवलेल्या द्राक्षवेली, तोडणीचे दिवस, वेलींत वाकलेली माणसं, बांधाला उभे ट्रॅक्टर. मध्येच एखादं जुनं गाव लागायचं. दगडी वेस, फरसबंदीची अरुंद गल्ली, बंद पडलेल्या घड्याळाचा मनोरा. पण हे सगळं बघितलं कोणी? मागच्या तिघांनी. वहिनींनी बघितले ते खड्डे, खडी आणि ट्रॅक्टरमधून सांडून चिरडलेली द्राक्षं, ज्यांच्यावरून चाक सटकतं. एका हाताने हँडल धरायचं, दुसऱ्याने मागच्यांना खुणा करायच्या. इकडे खड्डा, तिकडे खडी. दम लागला म्हणून त्यांनी कोपर हलवलं की मागून कप्तानांचा गोड आवाज यायचा.

"अगं, काय सुंदर लय लागलीय तुझी! मोडू नकोस. अजून थोडं."

त्या आवाजातलं कौतुक घरात कधी ऐकू यायचं नाही, म्हणून वहिनी अजून थोडं ओढायच्या. मग पाटी दिसायची, आणि हे तिघे ताजेतवाने वीर बाजूने सुसाट सुटायचे. संध्याकाळी मुक्कामाच्या जागी सूप भुरकत कोणी किती गावं जिंकली याची चर्चा. हे गाव तुझं नाही, माझं, म्हणून दोघं भाऊ तावातावाने भांडायचे.

"वहिनीपण बऱ्या चालवतात हं," दीर उदार होऊन म्हणायचा.

बऱ्या! ज्यांच्या पाठीआड बसून दिवसभर फुकट आलात, त्या बऱ्या!

वहिनींनी हेही गिळलं, कारण त्यांना एक गोष्ट हवी होती. पुढच्या महिन्यात क्लबांची मोठी फेरी होती, याच खोऱ्यातून, चौघाचौघांच्या संघांची. कप्तानांच्या संघातल्या चौथ्याचं गुडघ्याचं दुखणं बळावलं होतं आणि जागा रिकामी होती. वहिनींनी ती मागितली होती. नवऱ्याकडे स्वतःसाठी काही मागायची त्यांना सवय नव्हती. "सहलीला तर ये," कप्तान म्हणाले होते, "बघू कशी टिकतेस." वहिनी टिकत होत्या. टिकणं कशाला, त्या तिघांना टिकवत होत्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी एका गावच्या चौकात चौघं जेवायला थांबले. अंडं सोलता सोलता डॉक्टरांनी कप्तानांना सहज विचारलं, "पुतण्याची जर्सी शिवून आली का हो? की मापं अजून द्यायचीत?"

"कोणाच्या पुतण्याची?" वहिनी म्हणाल्या.

दिराला एकदम पावाच्या तुकड्यात काहीतरी बघण्यासारखं सापडलं. दीर म्हणजे त्या पुतण्याचा बाप.

"सांगणारच होतो अगं," कप्तान म्हणाले. "फेरीला चौथा म्हणून त्याला घेतोय. तरणा पोरगा आहे, जोर आहे पायात."

"कधी ठरलं हे?"

"झाले असतील दोन-तीन आठवडे."

म्हणजे सहलीच्या आधी. वहिनींची तळपायाची आग मस्तकात गेली. "मग मी कशी टिकते ते बघणार होतात, ते काय होतं?"

"तुझा हुरूप जायला नको म्हणून म्हटलं गं. आणि येतेयस ना मजेत? बिघडलं काय?"

डॉक्टरांनी अर्धवट सोललेलं अंडं ताटलीत ठेवून दिलं. वहिनी उठल्या, हेल्मेटचा पट्टा आवळला आणि सायकलीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. यजमानांना वाटलं, गेला राग.

गावाबाहेर पडताच खोरं उघडं झालं आणि वारा आला तो थेट तोंडावर. सवयीप्रमाणे तिघांनी वेग कमी केला आणि वहिनींसाठी पुढे जागा सोडली. वहिनी पुढे आल्याच नाहीत. त्या डॉक्टरांच्या मागे, ओळीच्या शेपटाला, आरामात बसून राहिल्या.

"ये ना पुढे," कप्तान मागे वळून म्हणाले.

"बरं आहे इथे."

नाइलाजाने कप्तान पुढे झाले. पहिल्या वळणापर्यंत मिजास टिकली, दुसऱ्यापर्यंत श्वास टिकला. मग त्यांनी कोपर हलवलं. दीर पुढे आला आणि लगेच कोपर हलवू लागला. डॉक्टरांनी तर पुढे येता येताच हलवलं. ओळीचा पार चुथडा झाला. इकडे वहिनी तीन दिवसांत प्रथमच मान वर करून वेली बघत होत्या. पानं कडेने लाल व्हायला लागली होती. हे इतकं सुंदर होतं आणि आपल्याला कोणी बघू दिलं नाही, याचा त्यांना नव्याने संताप आला.

पुढच्या गावाची पाटी आली तेव्हा शर्यत लावायला कोणाच्या अंगात त्राण नव्हतं. वेशीतून आत शिरताच कप्तानांनी सायकल चौकातल्या कट्ट्याला टेकवली आणि भडकले. "हा काय पोरखेळ? एका जर्सीसाठी सगळ्यांची सहल नासवलीस!"

"मी नासवली?" वहिनींचा आवाज चढला. "मी फक्त तुमच्यासारखी बसून आले! तीन दिवस तुम्ही करत होता तेव्हा ती सहल होती, मी एक दुपार केलं तर पोरखेळ? जागा द्यायची नव्हती तर तोंडावर नाही म्हणायचं होतं. आशा लावून राबवून घेतलंत मला. लाज कशी वाटली नाही?"

"वहिनी बरोबर बोलतायत," डॉक्टर हळूच म्हणाले. दीर बुटाची नाडी बांधत होता. बुटाला नाडी नव्हती.

कप्तानांनी सगळ्यांकडे पाहिलं, पाणी प्यायले, आणि मोठ्या मनाने म्हणाले, "बरं बाई, ये तू संघात. झालं समाधान? फक्त पुतण्याला तेवढं तूच सांग. काकूचं ऐकतो तो. मी सांगितलं तर रुसेल."

म्हणजे इथेही पुढे वहिनीच!

"फोन लावा," वहिनी म्हणाल्या. "आत्ता, माझ्यासमोर. तुम्हीच."

त्यांच्या चेहऱ्याकडे बघून कप्तानांनी मुकाट्याने फोन लावला. "हॅलो, अरे ते फेरीचं... काय झालं, काकूने जरा हट्ट धरलाय, तर—"

"खरं सांगा," वहिनी म्हणाल्या.

कप्तानांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "तुझ्या जागी काकू येणार आहे. ती... चांगली चालवते आपल्यापेक्षा."

"काय?" पुतण्याचा आवाज बाहेरपर्यंत आला. "काका, वारा फार आहे तिकडे, काही कळत नाहीये!"

वेशीतून वारा नुसता भणाणत होता. कट्ट्यावरच्या दोन म्हाताऱ्यांनी माना वळवल्या.

"काकू आपल्यापेक्षा चांगली चालवते!"

"कोण चांगली?"

कप्तानांनी बायकोकडे पाहिलं. ती हाताची घडी घालून उभी होती आणि तिला कसलीही घाई नव्हती.

"तुझी काकू!" कप्तान सगळा जोर लावून ओरडले, आणि चौकातली माणसं दुकानांतून डोकावायला लागली. "तीन दिवस आम्ही तिच्या पाठीमागे लपून आलोय रे!"

"हां," पुतण्या म्हणाला. "आता आलं ऐकू."