लाल चिंधीच्या खाली

काठीवरची लाल चिंधी कोरडी होती. म्हणजे पाणी तिच्या खाली गेलं... चार बोटं, कदाचित पाच. प्रसेनजितने काठी पुन्हा टाकीत सोडली, तळाला टेकेपर्यंत सोडली, वर काढली, आणि चिंधी परत तशीच, वाळत घातल्यासारखी. सकाळी ती भिजली होती. सकाळी त्याने बोरचं पाणी घेऊन टाकी स्वतः खुणेपर्यंत भरली होती आणि खालच्या तोटीचं कुलूप ओढून पाहिलं होतं. कुलूप आताही जागेवर होतं. किल्ली त्याच्या खिशात होती. मग पाणी गेलं कुठं?

कापसाच्या जिनिंगमधली ही आगीची टाकी, तिची राखण प्रसेनजितकडे. पलीकडे आवारभर कापसाच्या गंज्या, मार्च संपत आलेला, आणि एक ठिणगी पडली तर खामगावातून बंब येईपर्यंत जे काही वाचेल ते या पाण्याने. टाकीला काम एकच, भरलेलं राहणं. पण हे साधं काम कुणाच्या डोक्यात शिरेल तर शपथ. ट्रकवाले हिच्यात टॉवेल बुचकळणार, कुणी मोटरसायकल धुणार, मागच्या गणपतीत तर कुणीतरी मूर्तीच बुडवून मोकळा झाला होता. सांगून सांगून तोंडाला फेस आला. सगळं पालथ्या घड्यावर पाणी — आणि तेही टाकीतलंच.

तिथं असं नव्हतं. एकवीस वर्षांचा होता तो, हवाई दलाच्या अग्निशमन तुकडीत नवा, आणि वर डोंगरात कारगिलची लढाई पेटलेली. धावपट्टीच्या कडेला जमिनीत बांधलेली सिमेंटची टाकी, तिच्यावर हिरवी जाळी, आणि जाळीपाशी हा, हातात अशीच काठी. विमानं उठत होती, उतरत होती, कानठळ्या बसत होत्या, आणि हा सकाळ-संध्याकाळ पाणी मोजत होता. एकदा जूनच्या उन्हात त्याने मगभर पाणी तोंडावर मारलं, तर सार्जंटने त्याला तीन तास उभं केलं. ‘आग लगी तो वो मगभर पानी कहाँ से लायेगा?’ त्या दोन महिन्यांत काहीही पेटलं नाही. एक थेंब लागला नाही त्या पाण्याचा. समता, त्याची बायको, अजून पाहुण्यांसमोर सांगते, ‘आमच्या ह्याईनं लढाईत पाण्याले पहारा देला,’ आणि सगळे हसतात, आणि तोही हसतो. पण हसताना आत काहीतरी दुखतं. कारण ते खरंच होतं, आणि तेवढंच होतं. त्याने पाणी राखलं होतं. आयुष्यात दुसरं काही इतकं नीट केलेलं त्याला आठवत नव्हतं.

म्हणून काल त्याने कुलूप लावलं. कापूस निवडणाऱ्या बाया मागच्या शेडमध्ये राहतात, त्यांच्या घागरी तोटीखाली लागलेल्या त्याने पाहिल्या, आणि चार दिवस पाणी का घटतंय याचं उत्तर सापडल्याचं त्याला बरं वाटलं. रस्त्यापलीकडे हापशी आहे, तिथून आणा, असं तो म्हणाला. बाया घागरी उचलून गेल्या. एवढ्या सहज काही सुटतं असं त्याच्या नोकरीत फारसं होत नसे.

आणि आज कुलूप लावूनही चिंधी कोरडी.

तो टाकीच्या मागे गेला. काटेरी झुडपातून एक निळा पाइप निघाला होता, थेट रुईच्या गाठी बांधतात त्या प्रेसघरापर्यंत. प्रेसघरात मोटर घरघरत होती आणि मॅनेजर रामराव रुईच्या ढिगावर पाणी मारून घेत होते.

“काऊन बे हवाईदल, काय शोधून राह्यला?”

“हे टाकीचं पाणी आहे. बोरवरून घेतो म्हणाला होतात तुम्ही.”

“बोर दम टाकून राह्यला. अन् रुई पाह्य कशी कोरडी खट हाय. पाणी मारल्याबिगर गाठ बसते काय?”

“आग लागली तर?”

“इतक्या वर्सात लागली काय? लागली म्हंजे पाहू.”

तहान लागल्यावर विहीर खणणारी माणसं. रामराव पाठ फिरवून कामाला लागलेही. मोटर बंद करायला हात पुढे करायचा होता फक्त, बटण चार पावलांवर होतं — आणि तो बाहेर आला. उन्हात उभा राहिल्यावर त्याला संताप आला, रामरावांचा, जिनिंगच्या शेठचा, या सगळ्या गावाचा, आणि मग एकदम तो संताप वळून त्याच्याच अंगावर आला. कारण पाइप नवा नव्हता. पाइप त्याला माहीत होता. पंधरा दिवसांपूर्वी त्यानेच तो पायाने झुडपात सरकवला होता, अडखळायला नको म्हणून, आणि रामराव बोरचं म्हणाले ते त्याने मानलं, कारण मानणं सोयीचं होतं. रामरावांना कुलूप लावता येत नाही. बायांना लावता येतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

तो टाकीपाशी परतला तेव्हा पंचफुला उभी होती. निवडणाऱ्या बायांमधली सगळ्यात जुनी.

“साहेब, हापशी कोल्ली झाली. दुपारपासून थेंब नाई. एक घागर द्या.” तिने घागर तोटीखाली ठेवली आणि तीन पावलं मागे सरली. “आमी हात नाई लावत. तुमीच घालून द्या.”

तीन पावलं. त्याने ती मोजली नव्हती, तरी त्याला कळली. बीबी या त्याच्या गावी त्याची आजी जनकाबाई विहिरीपाशी अशीच घागर ठेवून मागे सरायची, कुणी वरून पाणी घालीपर्यंत, कधी कधी दुपार कलेपर्यंत. तिच्या जातीला विहिरीला शिवायची मनाई होती. लहानपणी त्याने चिडून विचारलं होतं, तू काऊन थांबायची? घ्यायचं ना पाणी. आजी चिडली नव्हती. ती म्हणाली होती, “त्याईले वाटे का ते पाणी राखून राह्यले, बाप्पा.”

प्रेसघरातली मोटर चालूच होती. त्याने किल्ली काढली आणि पंचफुलापुढे धरली. “घ्या. तुम्हीच उघडा.”

ती हलली नाही. “नाई साहेब. तुमीच.”

“अहो, घ्या म्हणतो ना.” आवाज चढला, त्याचा त्यालाच ऐकू आला, सार्जंटसारखा. ती आणखी एक पाऊल मागे सरली. गंज्या उन्हात पांढऱ्याशुभ्र तापत होत्या, खाली घागर रिकामी होती, टाकीत खुणेइतकं पाणी नव्हतं, आणि किल्ली धरलेला हात खाली कसा घ्यायचा हे त्याला कळत नव्हतं.