मोटेच्या कातड्याचा पट्टा

पंढरीला पलेगाने सोडलं, पण जाताना उजवा हात नेला. काखेतली गाठ फुटली, जीव वाचला, हात मात्र खांद्यापासून लुळा पडला. अर्ध्या कल्याण गावाच्या दाढ्या करणारा न्हावी तो, आता गावाबाहेरच्या झोपडीत भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. त्यात सरकारी माणसांनी पलेगाचं म्हणून घरातलं सामान जाळलं, त्याबरोबर हजामतीची धोकटीही गेली. वस्तरा घासायची सहाण तडकली, धार लावायच्या चामड्याच्या पट्ट्याचा कोळसा झाला. वस्तरा तेवढा वाचला, कारण त्याच्या बायकोने, सगुणाने, तो आधीच तांदळाच्या मडक्यात दडवला होता. बाई डोक्याने तल्लख, यात शंकाच नाही!

आणि नेमकं आत्ताच हौसाबाईंच्या नातवाचं जावळ काढायचं ठरलं. हौसाबाई म्हणजे तलावापलीकडच्या मोठ्या वाडीची मालकीण. त्यांच्या घराण्याची रीत अशी, की बाळाचं जावळ ज्याने काढलं, पुढे ते घर त्याचं. दाढी त्याची, लग्नातली हजामत त्याची, सुगीचं भात त्याचं. हौसाबाईंच्या लेकाचं जावळ पंढरीच्या बापाने काढलं होतं. हे घर हातचं गेलं, की बाकीची घरं मागोमाग जाणार, हे सगुणाला लख्ख दिसत होतं. पंढरीचा चुलतभाऊ दौलत टपलेलाच होता. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

तो दारात येऊन गोड बोलला, "वहिनी, दादाला कशाला तरास? जावळ मी उरकतो. तुमचा मानाचा नारळ घरपोच करीन."

"जावळ आम्हीच काढणार," सगुणा म्हणाली. "तुझा नारळ तुला लखलाभ!"

बोलून तर बसली. दौलत गेल्यावर पंढरी भिंतीशीच बोलला, "कशाच्या जोरावर गं?"

"तुमचा डावा हात आहे ना? बास झाला."

तडकलेल्या सहाणेच्या तुकड्यावर तिने वस्तरा घासला. पण नुसत्या दगडाची धार खरबरीत. ती काय बाळाच्या टाळूला लावायची? पट्टा हवाच. चांभार तर पलेगाच्या भीतीने गाव सोडून गेलेले. घाईला न्हावी तळहातावर वस्तरा फिरवतात, तसा तिने फिरवून पाहिला आणि तळहात कापून घेतला. हात दाखवून अवलक्षण! मग जुन्या धोतराची घडी घेतली, तर ती सुरकुतली नि धार होती तीही गेली.

"माझ्या वहाणेचा पट्टा काप," पंढरी पुटपुटला.

"वहाणेवर पाजवलेला वस्तरा त्या लेकराच्या डोक्याला लावू? जीभ कशी रेटते तुमची!" सगुणा कडाडली. हाताला चिंधी बांधून ती तशीच वाडीवर निघाली.

बाळ जन्मल्यापासून त्याला तेल लावून न्हाऊ घालायचं काम तिचंच होतं. पलेगाचे दिवस तेवढे चुकले. त्या दिवशी बाळाला न्हाऊ घालून परतताना तिला विहिरीच्या थारोळ्याशी, मोटेचं पाणी पडतं तिथे, एक फाटकी कातडी मोट पडलेली दिसली. पाणी ओढून ओढून कातडं झिजलं होतं, पण पाणी ओतायच्या सोंडेकडचा भाग अजून धड होता.

"बाई, हिचा तुकडा नेऊ? वस्तऱ्याला पट्टा करीन."

हौसाबाई हसल्या. "मोटेचं पाणी देवाला चालतं, मग कातडं नातवाला का चालू नये? ने. पण ऐक सगुणे, पोराच्या डोक्यावर ओरखडा उठला तर मी गप्प नाही बसायची. दौलतला मी बोलावून ठेवलाय."

तरी सगुणाने तुकडा काखोटीला मारलाच.

कातडं लाकडासारखं कडक होतं. तिने ते भिजवलं, करवंटीने खरवडलं, मोगरीने ठोकलं, करंजेल चोळचोळ चोळलं. हात भरून आले, पण बाई हटेना. मऊ झाल्यावर पाट्याखाली दाबून सपाट केलं. तुसाची राख कापडातून गाळली, तेलात कालवून पट्ट्याला माखली. एक टोक झोपडीच्या मेढीला बांधलं, दुसरं डाव्या मुठीत धरून वस्तरा ओढू लागली.

"ढिला," भिंतीकडून आवाज आला. "ढिल्या पट्ट्यावर धार मरते."

तिने पट्टा ताणला.

"वस्तऱ्याची पाठ आधी, धार मागून. उलटवायचा तो पाठीवर."

तिने मागे पाहिलं. पंढरी कूस बदलून तिच्याकडे बघत होता. सगुणाला रडूच फुटणार होतं, पण वस्तरा हातात होता.

शेवटी फणीतल्या गुंतवळाचा एक केस तिने चिमटीत लोंबता धरला आणि धार नुसती टेकवली. केस तुटून पडला.

जावळाच्या दिवशी बाळ मामाच्या मांडीवर बसलं. पंढरीने डाव्या हातात वस्तरा धरला. चार माणसांत त्याचा हात थरथरू लागला. दौलत आपली धोकटी घेऊन पुढे सरसावला. "दादा, पोराच्या जिवाशी खेळ नको."

सगुणाने नवऱ्याच्या हातातून वस्तरा काढून घेतला.

"बाईच्या हातून जावळ? कुणी ऐकलंय?" दौलत ओरडला.

"हे डोकं माझ्या बोटांखाली वाढलंय," सगुणा हौसाबाईंकडे बघत म्हणाली. "टाळू कुठे भरली नि कुठे मऊ आहे, ते मला डोळे मिटून कळतं. तुमची ना असेल तर आत्ताच सांगा."

हौसाबाईंनी पाण्याची वाटी तिच्यापुढे सरकवली. सगुणाने डोकं ओलं केलं आणि वस्तरा टेकवला. जावळ सुळसुळत मामाच्या उपरण्यात पडू लागलं. बाळ रडलं नाही. तिच्या हातावरची चिंधी पकडायलाच धडपडत होतं.

हौसाबाईंनी सगळ्या डोक्यावरून तळवा फिरवला. पुन्हा फिरवला. मग नारळ उचलला.

"आता घर कुणाचं?" दौलतने विचारलं. "बाईमाणूस का दाढ्या करत फिरणार?"

"रीत आमच्या घराण्याची आहे, दौलत. ती मी मोडायची नाही. जावळ ज्याने काढलं, घर त्याचं." त्यांनी नारळ सगुणाच्या ओटीत घातला आणि आपल्या लेकाकडे वळल्या. "दाढी केवढी वाढलीय तुझी. बस."

लेकाने आईकडे पाहिलं, दौलतकडे पाहिलं आणि मुकाट्याने मान वर करून पाटावर बसला.

पंढरीने बरोबर आणलेला पट्टा उचलला. एक टोक पायाखाली दाबलं, दुसरं डाव्या मुठीत घट्ट ताणून बायकोपुढे धरलं. आता त्याचा हात थरथरत नव्हता.

"पाठ आधी," तो म्हणाला.

"ठाऊक आहे," सगुणा म्हणाली.