द्रौपदाबाईंची नाडी

ज्या सकाळी डॉ. शकुंतला मोहरीर कुलगुरू झाल्या, त्या सकाळी द्रौपदाबाई लोणारे यांची नाडी त्यांच्या बोटांतच राहून गेली.

नऊ नंबरच्या वॉर्डात राउंड चालू होता. सातव्या खाटेपाशी उभ्या राहून डॉक्टर द्रौपदाबाईंचं मनगट धरून होत्या, तेवढ्यात फोन आला. पद स्वीकारता का, एवढंच पलीकडून विचारलं. त्या हो म्हणाल्या, बोटं उचलली आणि बोटांबरोबर नाडीही आली. मिनिटाला शहात्तर ठोके, दर नवव्या ठोक्याला जराशी अडखळणारी. त्यांनी हात साबणानं धुतले, पुसले, परत धुतले. नाडी चालूच होती. सिस्टर रामटेकेंनी द्रौपदाबाईंची दोन्ही मनगटं, मान, घोटे चाचपून पाहिले. कुठेच काही लागलं नाही. द्रौपदाबाई चहात बिस्किट बुडवत होत्या.

"काही होतंय का?" डॉक्टरांनी विचारलं.

"काई नाई जी. हलकं वाटून राह्यलं."

"दुपारी येते मी. तोवर पडून राहा."

एकतीस वर्षांच्या नोकरीत डॉक्टर मोहरीर राउंड अर्धा टाकून कधी गेल्या नव्हत्या. साध्या निवासी डॉक्टर होत्या तेव्हाही नाही, आणि पुढे अधिष्ठाता झाल्या तेव्हाही नाही. पण विद्यापीठाची गाडी खाली येऊन उभी होती आणि ड्रायव्हरनं दार उघडून धरलं होतं.

कार्यभार घेताना त्यांनी सही केली. बोटांत नाडी उडत होती, त्यामुळे अक्षरं नागमोडी आली. "ही नको, दुसरी करते," त्या म्हणाल्या.

"असू द्या मॅडम," कुलसचिव पांढरीपांडे म्हणाले. ते अतिशय सौम्य गृहस्थ होते. त्यांनी कागद उचलला आणि शाई वाळायच्या आत नमुना म्हणून सगळ्या विभागांना पाठवून दिला. त्या दिवसापासून जिच्यात नववा ठोका अडखळत नाही, ती सही कुलगुरूंची धरली जाईना. दीक्षान्त समारंभ तीन आठवड्यांवर आला होता. अठरा हजार पदव्यांवर सह्या व्हायच्या होत्या, आणि शिक्का चालणार नाही असा नियम होता.

दुपारी त्या वॉर्डात जायला निघाल्या. गाडी इस्पितळाच्या फाटकातून आत शिरली, पण उतरल्याबरोबर कुणी तरी हातात पुष्पगुच्छ दिला. नऊ नंबरच्या वॉर्डाच्या दाराला फीत बांधलेली होती. त्यांनी ती कापली. आत खाटा भिंतीला लावून खुर्च्या मांडल्या होत्या आणि पेशंट रांगेनं बसले होते. त्यांना मंचावर नेऊन बसवलं. "प्रमुख पाहुण्यांचा परिचय करून देण्याची गरज नाही," असं म्हणून एकानं पाऊण तास परिचय करून दिला. सात नंबरची खुर्ची रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी त्या पायी गेल्या, तिसऱ्या दिवशी मागच्या दारानं, रिक्षानं. दर वेळी पुष्पगुच्छ तयार होता.

चौथ्या दिवशी द्रौपदाबाईच विद्यापीठात आल्या. नगरपालिकेच्या शाळेत तीस वर्षं शिपाई होत्या त्या. कचेरीत कुठं बसायचं आणि किती वेळ, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

"मॅडम, माही नाडी तुमच्यापाशी राह्यली. मले घरी जा लागते. ते म्हणतात, नाडी दाखवा, मंग सोडतो. मेली म्हणूनबी लिहून देत नाई, मी बोलतो म्हणून."

"हात द्या," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी मनगटावर तीन बोटं टेकवली. नाडी खाली उतरू लागल्याचं त्यांना स्पष्ट जाणवलं.

दार उघडून पांढरीपांडे आत आले. "मॅडम, कला शाखेच्या पदव्या आल्यात. तेवढ्या होऊन जाऊ द्या."

डॉक्टरांनी बोटं उचलली. ती त्यांनी स्वतः उचलली, कुणी ओढली नव्हती. हे त्यांना पुढेही नीट आठवत राहिलं.

"बसा जरा बाहेर," त्या म्हणाल्या.

द्रौपदाबाई रोज येऊन बाहेर बसू लागल्या. रोज थोड्या हलक्या होत गेल्या. आधी त्यांच्यासाठी पंखा बंद ठेवावा लागला, मग पदरावर फायलींचे गठ्ठे ठेवावे लागले. डॉक्टर आत सह्या करत होत्या. पदव्यांच्या दर गठ्ठ्यामागे एक ठोका जात होता. कला शाखा संपली तेव्हा बोटांत साठ उरले होते, वाणिज्य संपलं तेव्हा सत्तेचाळीस. त्या रात्रंदिवस मोजत. जेवताना मोजत, बैठकीत मोजत. आकडे चुकले की उठून येरझारा घालत, आणि उठल्या की सगळी सभा उठून उभी राही.

"नाडी परत द्यायचीय मला," त्यांनी एकदा भर सभेत सांगितलं.

"उपसमिती नेमू," पांढरीपांडे म्हणाले. कुणी हसलं नाही.

दीक्षान्ताच्या सकाळी बोटांत एकोणीस ठोके होते आणि टेबलावर वैद्यकीय शाखेच्या पदव्यांचे चाळीस गठ्ठे. बाहेर बँड लागला होता. अंगावर लाल झगा चढवलेला होता. डॉक्टरांनी पेन उचललं, टोपण लावलं आणि तशाच बाहेर गेल्या. द्रौपदाबाई फायलींखाली तरंगत होत्या. डॉक्टर त्यांच्यापुढं जमिनीवर बसल्या, मनगट धरलं आणि या वेळी दोन्ही हातांनी दाबून धरलं.

"मॅडम, मिरवणूक खोळंबलीय," पांढरीपांडे म्हणाले.

"खोळंबू द्या."

एकोणीसच्या एकोणीस ठोके उतरून गेले. मग द्रौपदाबाईंच्या आतून विसावा आला, एकविसावा आला, आणि फायलींचे गठ्ठे एकेक करून खाली घसरले. द्रौपदाबाई धपकन खुर्चीत बसल्या. त्यांच्या वजनानं खुर्ची करकरली.

"आता सुटी," त्या म्हणाल्या. उठता उठता मात्र थांबल्या. "तुमचा चेहरा असा काऊन दिसून राह्यला? बघू, हात द्या."

डॉक्टरांनी हात पुढं केला. द्रौपदाबाईंनी लाल बाही वर सारली आणि वॉर्डात अकरा दिवस पाहून ठेवलं होतं तशी तीन बोटं नेमकी मनगटावर टेकवली. बँड थांबला. झगे घातलेले प्राध्यापक जिन्यावर जागच्या जागी उभे राहिले. मांडवातले अठरा हजार जण माना वळवून पाहू लागले.

"एक," द्रौपदाबाई म्हणाल्या, आणि पुढच्यासाठी डोळे मिटून थांबल्या.