बाहेरून लावलेले कुलूप

मित्रांनो, मी एक जुने पितळी कुलूप आहे. ज्या कारागिराने मला घडवले, त्याने माझ्यावर हातोडा घालून पाहिला आणि मान डोलावली. "हे कोणाला दाद द्यायचं नाही," तो म्हणाला. त्या कौतुकावर मी कित्येक दिवस हवेत होतो.

मला विकत घेतले शिवणकामाच्या कारखान्याच्या मालकांनी. मालक मोठे भाविक. रोज दुपारी ते वरच्या मजल्यावरच्या आपल्या घरात प्रार्थनेला बसत. खाली बायका मशीनवर कपडे शिवत. कोणी पाणी प्यायला बाहेर गेली की दार आपटे आणि मालकांचे ध्यान मोडे. म्हणून प्रार्थनेच्या वेळी ते मला बाहेरून दाराला लावत आणि किल्ली वर नेऊन देवासमोर ठेवत. प्रार्थना चालू असताना त्यांना हाक मारायची नाही, असा घरचा दंडकच होता.

"आपल्याला कोंडलं की देव प्रसन्न होतो म्हणे," इस्त्रीवाल्या मावशी म्हणायच्या. बाकीच्या हसत, पण दाराकडे बघून. मला मात्र हसू येत नसे. आत कापडाचे ढीग, तापलेल्या इस्त्र्या आणि खिडक्यांना गज. मी रोज जीव मुठीत धरून लटकत असे.

एका दुपारी इस्त्रीची वायर पेटली आणि बघता बघता चिंध्यांच्या ढिगाने पेट घेतला. आतून दारावर हात आपटू लागले. मी कडीत नुसता नाचत होतो, उघडत नव्हतो. "दार उघडा हो, घरी लेकरं आहेत आमची," मावशी ओरडत होत्या. मित्रांनो, मला स्वतःच्या मजबुतीची इतकी भीती कधीच वाटली नव्हती. दार गरम झाले, मग मीही तापू लागलो.

पुढचे मला किल्लीने सांगितले. दाराबाहेर बसणारा कारखान्याचा कारकून धावत वर गेला आणि प्रार्थनेच्या खोलीबाहेर हात जोडून उभा राहिला. मालकांचे डोळे मिटलेले, मग हाक कशी मारणार? धूर जिन्यात शिरला तरी तो बापडा उभाच. शेवटी मालकीणबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या आणि त्यांनी देवासमोरची किल्ली उचलली.

"अगं, प्रार्थना चालू आहे," मालक डोळे न उघडताच म्हणाले.

"खाली बायका जळतायत. देव असेल तर तो खाली असेल, इथे कोणापुढे बसलायत?"

धावत खाली येऊन त्यांनी मला उघडले. सगळ्या बाहेर पडल्या, खोकत, एकमेकींना धरून. मावशींचे दोन्ही तळहात भाजले होते.

कारखाना पुन्हा सुरू झाला, तेव्हा दुपारी मालक मला घेऊन दाराशी आले. हाताला सवयच ती. उंबरठ्यावर मावशी बसल्या होत्या, हातांना पट्ट्या बांधलेल्या. त्या जागच्या हलल्या नाहीत.

"प्रार्थना करा की मालक," त्या म्हणाल्या. "पण आता आमच्यात बसून करा."

मला खिशात टाकून मालक उंबरठ्यावर त्यांच्या शेजारी बसले. मशीन खडखडत होत्या, दार आपटत होते. त्यांचे ओठ हलत होते. ते रडत होते.

आता मी कापडाच्या कपाटाला असतो. तरीही कोणाचा हात माझ्याकडे आला की मी घाबरतो. मित्रांनो, मला तेल घाला, गंजू देऊ नका. पेटीला लावा, सायकलीला लावा. पण कोणी मला माणसांवर लावू लागला, मग तो कितीही देवभक्त असो, तर त्याच्या हातातून किल्ली काढून घ्या. मला आपणहून उघडता येत नाही.