मधलं गवत

"हळू बोल रं, निजायला आल्यात ती."

बनाबाईचा, महेंद्रच्या आईचा, तो आवाज विळ्यासारखाच खाली वाकलेला असायचा. दिवाळी सरली की खर्ड्याच्या अलीकडच्या माळावर बायका गवत कापायला जात. कडेकडेनं कापत यायच्या आणि मधला तुकडा तसाच राखायच्या. दिवस कलला की तिथं भोवत्या पक्षी उतरत. लांब पंखांचे, जमिनीलगत तरंगत येणारे हे शिकारी पक्षी मुलखामागून मुलूख ओलांडून येतात आणि झाड सोडून गवतात, मातीवर निजतात. होळीनंतर ते माघारी गेले की मगच त्या तुकड्याला विळा लागायचा. बनाबाई गुणगुणायची,

लांबदेशीच्या पाखरा, घे गवताचं पांघरून
माझा विळा कडंकडं, नीज माळाला धरून

बनाबाई जाऊन बारा वर्षं झाली. मधल्या गवतातून आता जीपच्या चाकोऱ्या गेल्या होत्या. माळाच्या कडेला कल्याणशेठनं तंबूंचं हॉटेल टाकलं होतं. हिवाळाभर तिथं शहरातले फोटोवाले उतरत, आणि महेंद्र त्यांना पक्षी दाखवायचा. त्याच्या घरात चूल पेटायची ती त्यावरच.

"शेवटचा संदेश इथूनच आला, महेंद्रदादा," निकिता म्हणाली. ती पक्ष्यांचा अभ्यास करणारी. गेल्या हिवाळ्यात तिनं एका नर भोवत्याच्या पाठीवर काडेपेटीहून लहान असं, ठावठिकाणा कळवणारं यंत्र बसवलं होतं. तो उन्हाळ्यात पार कझाकस्तानला जाऊन आला, कार्तिकात पुन्हा याच माळावर उतरला, आणि नऊ दिवसांपूर्वी यंत्र मुकं झालं. सकाळपासून ती बोरीच्या जाळ्या धुंडाळत होती. कोपरापर्यंत ओरखडे उठले होते.

"कुत्र्यानं नेला आसंल," कल्याणशेठ म्हणाला. त्यानं माव्याची लाल पिंक गवतावर टाकली. गवताच्या तुऱ्यावरून ती ओघळत राहिली.

महेंद्रला शिसारी आली. त्यानं तोंड फिरवलं, तर आपलेच हात दिसले.

दहा दिवसांपूर्वीची सकाळ. फोटोवाल्यांना दोन दिवस मनासारखा फोटो मिळाला नव्हता. कल्याणशेठनं डिंकाचा पुठ्ठा आणून दिला, त्यावर रात्रीतून चिकटलेला उंदीर. महेंद्रनं तो ओढून काढला तेव्हा पोटाची निम्मी कातडी पुठ्ठ्यालाच राहिली. उंदीर जिवंत होता. त्याच्या मागच्या पायाला महेंद्रनं नायलॉनचा दोरा बांधला, दुसरं टोक खुंटीला. पलीकडं हिरव्या कापडाआड माणसं वेफर्स खात बसली होती. "थोडा उजेडात सरकवा ना त्याला," एकजण म्हणाला. महेंद्रनं सरकवला.

भोवत्या आला, झडप घातली, कॅमेरे कडकडले. दोरा खुंटीपासून तुटला आणि पक्ष्याच्या पायात गुंडाळून गेला. मागं टाळ्या वाजल्या. पक्षी लोंबत्या दोऱ्यासकट उडाला तेव्हा त्यांच्यातला एक हसत म्हणाला, "पार्सल घेऊन गेला."

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना महेंद्रला तो बोरीच्या जाळीत उलटा टांगलेला सापडला. पंख उघडे, पिवळे डोळे उघडे, डोळ्यांच्या कडेला मुंग्या. त्यानं तो पिशवीत घातला आणि यंत्रासकट ओढ्याकाठी पुरला. कल्याणशेठला सांगितलं, तर तो म्हणाला, "ब्येस केलं. आता तोंड शिवून बस."

तेव्हापासून भाकरी मोडताना बोटांना डिंकाचा वास यायचा. राखेनं हात घासून घासून सालपटं निघाली, वास तसाच. कल्याणशेठची किळस यायची तेवढीच, किंवा थोडी जास्तच, स्वतःची.

ओढ्याच्या अंगानं मेंढरं वर आली. मागून म्हातारा वाल्मिक, खांद्यावर घोंगडी, कमरेला गोफण. कल्याणशेठचे डोळे त्या गोफणीवर थांबले.

"मॅडम, हे बगा. ह्यो रोज हितं गोफन फिरवतो. दुसरा कोन मारनार?"

वाल्मिक थांबला. "काय मारलं म्हंता, शेठ?"

"भोवत्या. सरकारी यंतर हुतं त्याच्यावर. आता जा आत."

"गोफन लांडग्यासाटी हाय. आन् त्या पाखराच्या अंगात मांस ते किती? त्यापरीस तुमच्या हाटेलातली कोंबडी न्हाई का पळवायचो?"

कुणी हसलं नाही. निकितानं दमलेल्या चेहऱ्यानं फोन काढला. "आजोबा, तुमचं पूर्ण नाव सांगा. मला तक्रार द्यावीच लागेल."

वाल्मिकनं नाव सांगितलं. गाव सांगितलं. वडिलांचं नाव विचारल्यावर तो घोटाळला. "त्यांचं कशापायी, बाई? ते मरून चाळीस वर्सं झाली." मग वळून म्हणाला, "म्हेंद्रा, तू सांग की ह्यांना. तू तर रोज हितंच अस्तो."

"सांग की," कल्याणशेठ म्हणाला. जवळ येऊन त्यानं महेंद्रच्या खांद्यावर हात टाकला. तोंडाला माव्याचा भपकारा. "तू बी पायलं ना ह्याला गोफन मारताना? मंजी साक्षीदार बी झाला. पुडच्या आठवड्यात पंधरा जनं येनार हायत रं आपल्याकडं, ध्यानात हाय ना?"

निकिता मान वर करून महेंद्रकडं बघत होती. फोनवर अंगठा थांबला होता.

महेंद्रनं खांद्यावरचा हात दोन बोटांनी धरून, घाणेरडं फडकं उचलावं तसा बाजूला केला.

"मॅडम, वाल्मिकतात्यांचं नाव खोडा."

"खुळा झाला काय?" कल्याणशेठ म्हणाला.

"खोडा आन् माजं लिवा. महेंद्र." त्याचा आवाज मोठा नव्हता. "फोटोसाटी उंदीर बांदला हुता. शेठनं आनून दिला, पर गाठ माजी हाय. त्योच दोरा पायात आडकून मेला तो. वढ्याला पुरलाय, चला, दावतो."

निकितानं फोन खाली घेतला.

"उकरताना जरा जपून," महेंद्र म्हणाला. "दोरा आजून त्याच्या पायातच हाय. मेल्यावर बी सोडवायला हात धजला न्हाई माजा."