मंडळाचा उपास

“आता ह्या टायमाला कोन्ता उपास काढायचा ते तूच बघ. माज्याकडचं देव संपलं,” रतनबाई आक्काबाईच्या कानाला लागून पुटपुटली.

शाळेच्या व्हरांड्यात महिला मंडळ बसलं होतं, आणि पुढची सभा आपल्या घरी आहे असं सविता उभी राहून सांगत होती.

मंडळ काही साधंसुधं नव्हतं. पार दिल्लीला त्याचं हापीस, देशभर शाखा, आणि गावच्या शाखेची अध्यक्ष आक्काबाई. गाव देवळाली प्रवऱ्याच्या शिवेला लागून, चारी बाजूंनी ऊस. पण भाषणाला उभं राहिलं की आक्काबाईला आपण थेट दिल्लीतच बोलतोय असं वाटायचं. मंडळाचा नियम असा, की सभा पाळीपाळीनं एकेकीच्या घरी घ्यायची आणि त्या घरचं सगळ्यांनी खायचं. ‘समता’ हा शब्द आक्काबाईला फार आवडे. खडीसाखरेसारखा जिभेवर घोळवत बसायची.

अडचण एवढीच, की सविता निळ्या कमानीपलीकडं राहायची. तिची पाळी आली की मंडळाला एकदम भक्ती यायची. कधी सोमवार, कधी संकष्टी, एकदा तर प्रदोष. सविता म्हणायची, “असू द्या, देवाचं काम हाय,” आणि सभा शाळेत भरायची.

आता मंडळानं गावात काही केलं असेल तर ते सविताच्या जिवावर. तिनं आपल्या स्कुटीवर बायकांना गाडी शिकवली. सुना आता आपल्या आपण राहुरीच्या दवाखान्यात जातात, मालकाला सवड कधी होते याची वाट बघत बसत नाहीत. आक्काबाईही शिकली. पहिल्याच दिवशी अध्यक्षीणबाई गाडीसकट उसात गेल्या, तेव्हा सवितानंच त्यांना बखोटीला धरून चिखलातून वर काढलं. तिच्या कमरेला मिठी मारून गाडीवर बसताना मंडळातल्या एकीलाही कधी उपास आडवा आला नव्हता.

आक्काबाईनं घसा साफ केला. “सविता, त्या दिवशी एकादशी हाय गं.”

“एकादशी आदल्या दिवशी हाय, आक्का. कॅलेंडर बघूनच बोलले मी.”

“ती स्मार्त. आमची भागवत.”

आक्काबाईला आपल्या हुशारीचं कौतुक वाटलं. ते काही फार टिकलं नाही.

“मग तर बेसच झालं! भगर आन् शेंगदान्याची आमटी करते. उपासाचंच हाय.” सविता हसत नव्हती. “नगरच्या दमयंतीताईबी येनार हायेत शाखा बघाया. आन् आक्का, ह्या बारीला माज्या घरी कुनी खाल्लं न्हाई, तर मी मंडळ सोडते. गाडी शिकवाया दुसरी बघा.”

सभेच्या दिवशी पाटाला पाणी सुटलं होतं. काळ्या रानाचा चिखल चपलांना धरत होता, कारखान्याकडून मळीचा वास येत होता. मंडळाच्या गाड्या सविताच्या दारात अशा रांगेनं लागल्या, की कुणाला वाटावं लग्नच आहे. अंगण सारवलेलं, सतरंजी झटकलेली, ताटल्यांतून वाफ निघत होती.

दमयंतीताई, जिल्ह्याच्या कामावरच्या, बोटं चाटून खात होत्या. “सविताताई, आमटी काय झालीय!”

बाकीच्या बायका नुसत्या ताटलीकडं बघत बसलेल्या. एकीचा दात अचानक ठणकायला लागला. एकीला पित्त झालं. रतनबाईनं आमटीत बोट बुडवलं आणि पदराला पुसलं.

आक्काबाईनं घास केला, मोडला, परत केला. उसात पडली त्या दिवशी तोंडात गेलेला चिखल हिनं मुकाट गिळला होता. भगरीचा घास मात्र हातातून वर येईना. मेलेली सासू चुलीपाशी उभी राहून बघतेय असं वाटत होतं. अध्यक्ष झाली तरी सासूपुढं ती सूनच.

“अध्यक्षबाई,” दमयंतीताईंनी विचारलं, “मंडळामुळं गावात काय बदललं?”

आक्काबाई तट्कन उभी राहिली. ताटली खाली ठेवायला एवढं चांगलं निमित्त कुठलं मिळणार! बायका गाडी चालवतात, दवाखान्यात जातात, चारचौघांत बोलतात, सगळं म्हणून झालं. मग ‘समता’ आला आणि दातात काडी अडकावी तसा अडकला.

“छान. आणि बदलायचं काय राहिलंय?”

दात ठणकणारीनं गाल आणखी घट्ट धरला.

सविता उठली आणि भरल्या ताटल्या उचलायला लागली. “ऱ्हाऊ द्या, ताई. गार झालं. म्हशीला घालते. आन् आक्का, उद्यापास्नं गाडीचं तुमचं तुमी बघा.”

आक्काबाईनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, शेवटी रतनबाईकडं बघितलं. म्हटलं, हिच्याकडं एखादा देव शिल्लक असेल.

रतनबाईनं ताटलीची कड घट्ट धरून ठेवली होती. सविता ओढत होती, ती सोडत नव्हती.

“खाली ठिव ती,” रतनबाई म्हणाली. मग दमयंतीताईंकडं वळली. “काय ऱ्हायलंय ते मी सांगते, ताई. आज उपास कुनाचाच न्हाई. मागं सांगितलं तवाबी न्हवता. सविताची जात आडवी येती आमाला, आन् आमी नाव देवाचं सांगतो.”